मेंदूतल्या रक्तवाहिन्या आणि अमायलॉइड

प्रश्न : आईच्या एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ‘सेरेब्रल अमायलॉइड अँजिओपथीची शक्यता’ असं लिहिलंय. रक्तवाहिनीत कोलेस्टेरॉल साचतं, तसंच हे का?

नाही. कोलेस्टेरॉलचा थर वाहिनीच्या आतल्या बाजूने वाढतो आणि वाट अरुंद करतो. अमायलॉइड बीटा हे प्रथिन भिंतीतच मुरतं. मेंदूच्या पृष्ठभागावरच्या बारीक धमन्यांना स्नायूपेशींची कडी असतात. प्रथिन आधी त्यांच्याभोवतीच्या पातळ पटलात चिकटतं, मग पेशी मरतात आणि त्यांची जागाही तेच घेतं. काँगो रेडने रंगवलेली अशी धमनी सूक्ष्मदर्शकाखाली विटकरी गुलाबी दिसते. ध्रुवीकृत प्रकाशात धरली की हिरव्या सफरचंदासारखी चमकते. आजार वाढला की भिंतीचे पदर सुटतात, नळीत नळी घातल्यासारखे. दिसायला सुरेख, पण आत स्नायू शोधायला जावं तर मिळत नाही. अशी भिंत झिरपते, कधी फुटते. एमआरआयवरचे बारीक काळे ठिपके या झिरपण्याच्याच खुणा.

प्रश्न : म्हणजे अल्झायमरच ना?

सख्खी भावंडं म्हणा, जुळी नव्हेत. अल्झायमरमध्ये मेंदूच्या पेशींबाहेर अमायलॉइडच्या गुठळ्या (प्लाक) साचतात; त्यांत मुख्यतः ४२ अमिनो आम्लांचा अमायलॉइड असतो, धमन्यांत ४० चा. फरक फक्त दोन अमिनो आम्लांचा. पण ४० चा तुकडा जास्त विरघळतो, त्यामुळे मेंदूतून बाहेर पडताना धमनीच्या भिंतीपर्यंत पोचतो. वाहिन्यांच्या भिंतीतली पटलं ही मेंदूची सांडपाण्याची वाटच. वय वाढतं तशी ती तुंबते आणि अमायलॉइडला रक्तात ओढून नेणारं एलआरपी-१ हे प्रथिनही कमी होतं.

गंमत म्हणजे एपीओई (चरबी वाहून नेणारं प्रथिन बनवणारं जनुक) याचा ई-२ प्रकार अल्झायमरपासून बऱ्यापैकी वाचवतो, पण अमायलॉइडने भरलेली धमनी फुटण्याशी त्याचा संबंध आढळतो. ई-४ प्रकार अमायलॉइड साचण्याला हातभार लावतो.

प्रश्न : मी जीवशास्त्र शिकवते. भिंतीत अमायलॉइडखेरीज आणखी काय बदलतं?

बरंच. साचलेल्या थरात क्लस्टरिन, एपीओई, टीआयएमपी-३ अशी प्रथिनं अडकून पडतात. मला सर्वांत रंजक वाटतं ते एचटीआरए-१. प्रथिनं कापणारं हे एन्झाइम इथे भरपूर साठलेलं सापडतं. विशेष म्हणजे याच एन्झाइमचं जनुक बिघडलं तर कॅरासिल नावाचा बारीक वाहिन्यांचा आनुवंशिक आजार होतो, आणि त्यात अमायलॉइड नसतो! दुसरं मेडिन : एका मोठ्या प्रथिनाचा हा ५० अमिनो आम्लांचा तुकडा पन्नाशीनंतर जवळपास प्रत्येकाच्या महाधमनीत सापडतो. २०२२ मध्ये तो मेंदूच्या वाहिन्यांत अमायलॉइड बीटासोबत साचत असल्याचं दिसलं. उंदरांत त्या मूळ प्रथिनाचं जनुक काढल्यावर वाहिन्यांतला थर घटला. शिवाय एमएमपी-९ सारखी एन्झाइम भिंतीची चौकट कुरतडतात.

प्रश्न : वडिलांना हे निदान झालंय. रक्त पातळ करणारी गोळी थांबवू का? आणि अमायलॉइड काढणारं नवं इंजेक्शन?

गोळी परस्पर थांबवू नका. हृदयाचे आणि मेंदूचे डॉक्टर मिळून ठरवतील. रक्तदाब मात्र आजपासून काबूत ठेवा. लेकानेमॅबसारखी औषधं अमायलॉइड उपसतात, पण भिंतीतला थर ढवळला की तिथे सूज किंवा रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून औषध सुरू करण्याआधी एमआरआयवरचे काळे ठिपके मोजतात. ते चारांपेक्षा जास्त असलेल्यांना या औषधाच्या मुख्य चाचणीत घेतलंच नव्हतं. वडिलांच्या रिपोर्टमध्ये हा आकडा किती आहे, ते आधी पाहा.