फराळाचा डबा आणि एक सही

प्रिय बाळ,

ख्रिस्तामध्ये सलाम.

तुझे पत्र मंगळवारी मिळाले आणि मी ते दोनदा वाचले. पहिल्या वाचनात आनंद झाला, कारण पुण्यासारख्या शहरात, परक्या लोकांत राहूनही तुला आपल्या विश्वासाची काळजी आहे. दुसऱ्या वाचनात मात्र मी एका गोष्टीपाशी थांबले. खोलीतल्या मैत्रिणीच्या आईने पाठवलेल्या दिवाळीच्या फराळाबद्दल तू तीन पाने लिहिली आहेस. तो देवापुढे ठेवला असेल या शंकेने तू त्याला हात लावला नाहीस, आणि ‘जगाशी समरूप होऊ नये’ म्हणून तेव्हापासून तू तिघींपासून वेगळी जेवतेस. त्याच पत्राच्या शेवटी दोन ओळी आहेत. कचेरीत न केलेल्या टॅक्सीप्रवासाची बिले सगळ्यांनी लावली, तूही सही केलीस, ‘सगळेच करतात’. मला तुझ्याशी बोलायचे आहे ते या दोन ओळींबद्दल.

आधी माझेच सांगते. नव्याने शिक्षिका झाले तेव्हा नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी भाड्याच्या खोलीत राहत होते. घरमालकीणबाई श्रावणात सत्यनारायणाचा प्रसाद घेऊन दारात आल्या. केळीच्या पानाच्या तुकड्यावर शिऱ्याची मूद होती, तूप पानाच्या कडेपर्यंत ओघळले होते. मी दार अर्धेच उघडून म्हणाले, “आम्हाला हे चालत नाही.” त्या काही न बोलता वळल्या. त्या दिवशी मला आपल्या विश्वासाची मोठी साक्ष दिल्यासारखे वाटले. त्याच आठवड्यात शाळेची तपासणी होती, आणि गैरहजर मुलांना हजर दाखवलेल्या हजेरीपटावर मी सही केली. त्या सहीने माझी झोप मोडली नाही. ती मोडायला हवी होती हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात प्रेषित पौल ‘ह्या युगाबरोबर समरूप होऊ नका’ असे सांगतो, आणि त्याच अध्यायाच्या शेवटी शेजाऱ्याला, अगदी वैऱ्यालासुद्धा, भूक लागली तर जेवू घाला असेही सांगतो. ‘हे युग’ म्हणजे शेजारचे हिंदू कुटुंब, मुसलमान सहकारी किंवा देव न मानणारा तुझा वरिष्ठ असे त्याने कुठेही म्हटलेले नाही. उलट करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तो स्वतःच खुलासा करतो की, दुराचारी लोकांची संगत धरू नका असे मी लिहिले ते जगातल्या लोकांबद्दल नव्हे. तसे असते तर तुम्हाला जगातूनच निघून जावे लागले असते. मी सांगतो ते स्वतःला भाऊ म्हणवून लोभी, निंदक, लबाड असणाऱ्याबद्दल. हा शास्त्रभाग आपण फार कमी वाचतो, याचे मला वाईट वाटते. जे जग आपण बाहेर शोधतो, ते चर्चमधल्या आपल्याच बाकांवर येऊन बसलेले असते. स्थळ बघताना ‘मूळचे कोणत्या समाजातले’ असे हळूच विचारणारी आणि हुंड्याला ‘मुलीच्या हौसेने दिलेले’ म्हणणारी माणसे मी मंडळीतच पाहिली आहेत, आणि ती प्रसाद मात्र कटाक्षाने नाकारतात.

आता फराळाचे. मूर्तीला वाहिलेल्या अन्नाचा प्रश्न करिंथमध्ये तुझ्यापेक्षा बिकट होता, कारण बाजारात विकले जाणारे पुष्कळसे मांस देवळातूनच येत असे. करिंथकरांच्या त्याच पत्राच्या दहाव्या अध्यायात पौलाने दिलेले उत्तर बारकाईने वाच. अविश्वासी माणसाने जेवायला बोलावले आणि तुला जावेसे वाटले, तर जे पुढे वाढतील ते चौकशी न करता खा. पण कोणी ‘हा नैवेद्य आहे’ असे स्पष्ट सांगितले तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नको. आणि मूर्तीच्या पूजेत सहभागी होणे त्याने त्याच अध्यायात स्पष्ट नाकारले आहे. म्हणून माझे मत असे, की आरतीचे ताट तुझ्या हातात आले तर ते नम्रपणे पुढच्या माणसाकडे दे, कोणी प्रसाद म्हणून दिले तर दोन्ही हात जोडून नको म्हण, पण एका आईने लेकीच्या मैत्रिणींसाठी केलेल्या चकल्या आणि शंकरपाळे यांची उलटतपासणी घेऊ नकोस. याबाबत आपल्यातल्या काही भल्या माणसांचे मत माझ्याहून कडक आहे, आणि त्यांच्या देखत मी त्यांना अडखळण होईल असे वागणार नाही. पण वेगळे ताट मांडून बसण्याला मी पावित्र्य म्हणणार नाही. प्रेषित पेत्राने अंत्युखियात परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहूदी नसलेल्यांच्या, पंगतीतून अंग काढून घेतले, तेव्हा पौलाने त्याला सर्वांदेखत दोष दिला होता.

नकार कसा द्यावा हे जुन्या करारातल्या, बाबेलात कैद करून नेलेल्या दानिएलाकडून शिकावे. तिथे त्याने खास्द्यांची, म्हणजे बाबेलच्या राज्यकर्त्यांची, भाषा व विद्या शिकली, बेल्टशस्सर हे परके नावही सोसले, राजाची चाकरीही मन लावून केली. राजाच्या पक्वान्नांना तो नाही म्हणाला, पण कसा? त्याने अधिकाऱ्याला विनंती केली, त्या माणसाची अडचण समजून घेतली, आणि दहा दिवस शाकान्न व पाणी देऊन पाहा असा मार्ग सुचवला. पुढे त्याच्या वैऱ्यांनी त्याच्या कारभारात खोट शोधली तेव्हा त्यांना एकही सापडली नाही. त्याच्या देवाच्या नियमाखेरीज त्याला अडकवायला काहीच मिळाले नाही. तुझ्या कचेरीत उद्या कोणी तुझी बिले तपासली, तर काय सापडेल?

ते पैसे परत कर. हिशेब विभागात जाऊन, हा प्रवास मी केला नव्हता, एवढेच सांग. इतरांची नावे घेऊ नकोस, शास्त्रवचने ऐकवू नकोस. कदाचित वरिष्ठ नाराज होतील, मैत्रिणी तुला शहाणपणा मिरवणारी म्हणतील, आणि पगारवाढीच्या वेळी त्याची आठवणही निघेल. मी तुला खोटा धीर देणार नाही. शुक्रवारच्या पार्ट्यांबद्दल तू विचारले आहेस, त्यावर फार लिहीत नाही. जेवायला जा, दारूला नाही म्हण, आणि गैरहजर माणसाची टवाळी सुरू झाली की तिच्यात सामील होऊ नकोस. हे शेवटचे सर्वांत अवघड जाईल.

आपल्या नगरमध्येच याचा एक नमुना होऊन गेला आहे. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला. त्यानंतरही त्यांनी अभंग सोडला नाही, कीर्तन सोडले नाही, आणि तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो असे ते मोकळेपणाने सांगत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो 1900 साली. मधली वर्षे टिळकांनी वाट पाहिली. बालकवी ठोमरे त्यांच्या घरी मुलासारखे राहिले. ते ख्रिस्ती झाले नाहीत, म्हणून त्या घरातली माया आटली नाही. असे घर बघूनच माणूस विचारतो की तुमच्या आशेचे कारण काय. तसे विचारणाऱ्याला सौम्यतेने व आदराने उत्तर द्यायला सिद्ध असा, असे पेत्राने लिहिले आहे. तू मात्र कोणी विचारण्याआधीच ताट उचलून खोलीत गेलीस.

मैत्रिणीची क्षमा माग. ‘माझे चुकले, मला भीती वाटली’ एवढे शब्द पुरतील; तुझी भीती ती कदाचित तुझ्याहून लवकर समजेल. तुझा भाऊ पुढच्या शनिवारी पुण्याला येतो आहे. त्याच्याबरोबर नाताळच्या करंज्या पाठवते आहे, खोबरे घरच्या नारळाचे आहे. अर्ध्या तुम्हा चौघींना, आणि अर्ध्या तिच्या आईच्या डब्यात भरून दे. तो डबा अजून तुमच्या ओट्यावरच असेल ना? मला कळव.

तुझी,
बाई