पैसे भरायच्या आधी जहाजात माणसं किती ते विचार

पोरी,

तू पाठवलेली अंटार्क्टिकाच्या दोन्ही जहाजांची पीडीएफ बघितली, आणि तुझा प्रश्न पण वाचला, बाल्कनीवाली केबिन घेऊ का खालची गोल खिडकीवाली. अगं केबिन राहू दे, आधी जहाजात प्रवासी किती ते बघ, तिथं सगळं गणित त्याच्यावर असतंय. अंटार्क्टिकात एका जागी एका वेळी 100 च पर्यटक किनाऱ्यावर उतरवतात, आणि 500 च्या वर प्रवासी असलेलं जहाज तर कुणालाच उतरवत नाही, ते नुसतं लांबून दाखवून आणतंय. आता तुझं ते बाल्कनीवालं जहाज साडेचारशे लोकांचं आहे. म्हणजे चार-पाच पाळ्या लागणार, तुझी पाळी संपली की झोडियाकमधून, म्हणजे रबरी बोटीतून, एक चक्कर मारून आणणार नाहीतर लाउंजमध्ये कॉफी आणि लेक्चर. दुसरं जहाज एकशे दहाचं, त्यातले थोडे कयाकिंगला गेले की बाकी सगळे एकदम खाली. बाल्कनीतून एकाच बाजूचं दिसतंय, देवमासा कायम दुसऱ्या बाजूला निघतो, आणि डेक सगळ्यांना फुकट असतोय.

दुसरं, रूट. तू दहा दिवसांची नुसत्या पेनिन्सुलाची, म्हणजे अंटार्क्टिकाच्या दक्षिण अमेरिकेकडं निघालेल्या टोकाची, ट्रिप धरलीयस, अर्जेंटिनातल्या उशुआइया बंदरातून निघायचं, दोन दिवस मधला खवळलेला समुद्र म्हणजे ड्रेक पॅसेज, चार-पाच दिवस तिकडं, परत दोन दिवस ड्रेक. वाईट नाही. हिमनग बघशील, जेंटू, चिनस्ट्रॅप, अॅडेली पेंग्विन बघशील, नशिबात असलं तर लेपर्ड सील. पण तू फोटोसाठी जाणारी पोरगी नाहीस, तू पक्ष्यांसाठी जाणार, आणि पक्ष्यांसाठीच जायचं तर माझं स्पष्ट मत आहे की अजून एक-दोन वर्षं पैसे साठव आणि फॉकलंड, साउथ जॉर्जिया ही बेटं धरून जी तीन आठवड्यांची असते ती घे.

साउथ जॉर्जिया म्हणजे समुद्राच्या मधोमध बर्फाचे डोंगर, आणि डोंगराच्या पायथ्याशी किंग पेंग्विन. सेंट अँड्र्यूज बे म्हणून एक किनारा आहे, तिथं दीड लाखाच्या आसपास जोड्या असतात. पिल्लं तपकिरी, लोकरीचा कोट घातल्यासारखी, आणि आईबाप समुद्रातून पोट भरून आले की त्या सगळ्या गर्दीतून आपलं पिल्लू नुसत्या आवाजावरनं ओळखतात, गड्ड्याच्या यात्रेत चुकलेलं पोर आईच्या हाकेला वळतंय ना अगदी तसं. आणि किंगचं एक पिल्लू वाढायला वर्षाच्या वर लागतंय, म्हणून बहुतेक वेळा किनाऱ्यावर कुणाच्या पायावर अंडं, कुणाचं पिल्लू लहान, कुणाचं मोठं, असं सगळं एकदम बघायला मिळतंय.

पण मला ते बेट आवडतं ते वेगळ्या कारणानं. 1904 साली कार्ल अँटन लार्सन नावाच्या नॉर्वेजियन माणसानं ग्रिटविकेनला देवमासे कापायचा कारखाना टाकला आणि तिथून 1960 च्या दशकापर्यंत त्या बेटावर पावणेदोन लाखांच्या आसपास देवमासे कापले गेले. गंजलेल्या तेलाच्या टाक्या अजून तशाच उभ्या आहेत, अंटार्क्टिकाच्या मोहिमा काढणाऱ्या शॅकल्टनची कबर पण तिथंच. माणसांच्या जहाजांतून उंदीर आले आणि त्यांनी जमिनीत बिळं करून राहणाऱ्या समुद्रपक्ष्यांची अंडी-पिल्लं खाऊन टाकली. मग लोकांनी हेलिकॉप्टरमधून सगळ्या बेटावर विषारी आमिष टाकलं, टप्प्याटप्प्यानं काही वर्षं, आणि 2018 मध्ये बेट उंदीरमुक्त झालं म्हणून जाहीर केलं. आता तिथं साउथ जॉर्जिया पिपिट परत सगळीकडं गातोय. पिपिट म्हणजे आपली तीरचिमणीच गं, आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर तू कंटाळून सोडून देतेस ती. तिची ही बहीण जगात फक्त त्या एका बेटावर आहे आणि अंटार्क्टिकाकडचा तोच एक गाणारा छोटा पक्षी. लोक पेंग्विनच्या मागं पळत असतात तेव्हा तू गवतात कान लाव. देवमासे पण परत यायला लागलेत, हंपबॅक तर भरपूर.

आता नान्नजचा विषय निघालाच आहे तर बुटांचं सांगतो. माळावर घालतेस ते बूट, ती पँट, ती सॅक, काही म्हणजे काही नेऊ नकोस. आपल्याकडची कुसळं मोज्यात किती आत रुततात तुला माहितीय, आणि तिथं उतरायच्या आधी जहाजावर सगळ्यांना खाली बसवून कपड्यांचे खिसे, शिवणी, वेल्क्रो, ट्रायपॉडचे पाय, सगळं व्हॅक्यूमनं आणि चिमट्यानं साफ करायला लावतात, साउथ जॉर्जियात तर सरकारी माणूस जहाजावर येऊन तपासतो. बाहेरचं एक साधं गवत अंटार्क्टिकात रुजलंच आहे आधी, म्हणून एवढी कटकट. बूट आणि जाड जॅकेट बऱ्याच कंपन्या देतात, कंपनीला विचार, उगाच पुण्यात वीस हजाराचं जॅकेट घेऊन बसू नकोस. आतून मात्र पातळ थरांवर थर घाल. सोलापूरची माणसं एकदम एकच जाडजूड घालतात आणि मग जहाजाच्या आत, जिथं हीटर फुल्ल असतो, तिथं घामानं भिजतात. शेंगाची चटणी ने केबिनमध्ये खायला, पण खाली उतरताना खिशात दाणासुद्धा नको, किनाऱ्यावर खाणं बंदच आहे.

2023 च्या ऑक्टोबरपासून साउथ जॉर्जियात बर्ड फ्लू आलाय, त्याच्या पुढच्या वर्षी पेनिन्सुलावर पण सापडला, एलिफंट सील फार मेले त्यात. तेव्हापासून किनाऱ्यावर बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही, बॅग खाली ठेवायची नाही. तू फोटोसाठी आडवी पडतेस ते तिथं चालणार नाही, आत्तापासून उभ्यानं काढायची सवय कर. पेंग्विनपासून 5 मीटर लांब राहायचं, तोच चालत तुझ्याकडं आला तर तू नुसती उभी राहा, त्यांच्या चालायच्या वाटेवर मात्र कधी उभी राहू नको. बर्फात पाय खोल गेला तर तो खड्डा बुजवून पुढं जायचं, पेंग्विन त्यात पडला तर त्याला निघता येत नाही. फर सील अंगावर आला तर पळायचं नाही, जागेवर उभं राहून गाईडकडं बघायचं. हे सगळं ते शिकवतात, मी आपलं आधी कानावर घालतोय.

ड्रेकमध्ये बोट लागणार. गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची, नंतर घेऊन उपयोग नाही, आणि कुठली ते डॉक्टरांना विचारून घे. जहाजात चालताना एक हात कायम कठड्याला. बाकी ड्रेकला घाबरून केबिनमध्ये झोपून राहू नकोस, वाँडरिंग अल्बट्रॉस तिथंच दिसतो, साडेतीन मीटरपर्यंत पंखांचा पसारा आणि तासन्‌तास पंख न हलवता जहाजाच्या मागं.

पैशाचं. पेनिन्सुलाची ट्रिप विमान धरून सात-आठ लाखांच्या खाली बसणं अवघड, साउथ जॉर्जिया धरली की दुप्पट धर. एकटीनं केबिन घेतलीस तर वरचा भुर्दंड लय असतोय, त्यापेक्षा शेअरिंग सांग, दुसऱ्या कुठल्या तरी बाईबरोबर देतात. शेवटच्या क्षणी उशुआइयात जाऊन स्वस्तात तिकीट मिळतं असं लोक सांगतात, मिळतंय पण, ज्यांना महिनाभर तिथं पडून राहता येतंय त्यांना, तुझ्यासारख्या मोजक्या रजावाल्यांना ते जमत नाही. हेलिकॉप्टर, विमान लागलं तर त्याचा खर्च धरणारा मेडिकल इव्हॅक्युएशनचा इन्शुरन्स हवाच, कंपन्या त्याच्याशिवाय चढू देत नाहीत. अर्जेंटिनाचा व्हिसा, आणि यलो फीवरची लस, निघायच्या किमान दहा दिवस आधी, परत येताना आपल्या विमानतळावर दाखला मागतात. ब्यूनस आयर्सला दोन विमानतळ आहेत, बाहेरून येणारं विमान बहुतेक एकावर उतरतं आणि उशुआइयाचं बऱ्याचदा दुसऱ्यावरून सुटतं, मधे अख्खं शहर. दोन दिवस हातात ठेवूनच पोच, जहाज कुणासाठी थांबत नाही.

कुणीतरी तुला म्हणालं ना की त्यापेक्षा उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड बेटांवर जा, अस्वलं दिसतील, स्वस्त पण पडेल. पडेल स्वस्त. पण 2025 पासून तिथं अस्वलापासून 300 मीटर लांब राहावं लागतंय, मार्च ते जून 500, म्हणजे अस्वल हा बर्फावरचा पिवळट ठिपका धरून चाल. नियम बरोबरच आहे म्हणा, बिचाऱ्यांना शिकार करू दिली पाहिजे. जायचं असेल तर वॉलरस आणि कड्यावरच्या पक्ष्यांसाठी जा. आणि हो, सोलापुरात सगळे विचारणार की भारताचं स्टेशन बघून येणार का. सांग त्यांना, मैत्री आणि भारती खंडाच्या पार दुसऱ्या अंगाला आहेत, ही जहाजं तिकडं जात नाहीत.

राहता राहिली तयारी, ती इथंच होते. 8 बाय 42 ची दुर्बीण आहे तुझ्याकडं, ती पुरते. फक्त तुला एका जागी थांबायची सवय नाही, पाच मिनिटं बघतेस, फोटो काढतेस आणि पुढं. तिथं खाली उतरल्यावर बहुतेक लोक पहिल्या पंधरा मिनिटांत दोनशे फोटो काढतात आणि मग थंडी वाजते म्हणून परत कधी जायचं विचारतात. खरी गंमत त्यानंतर असते, जेंटू शेजाऱ्याच्या घरट्यातला दगड उचलून आपल्या घरट्यात आणून ठेवतो आणि तो शेजारी तिसऱ्याचा उचलतो, हे अर्धा तास एकाच कोपऱ्यात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. हिप्परग्याच्या तलावावर पट्टकादंब आलेत आता. रविवारी सकाळी सहाला ये, कॅमेरा घरी ठेवून, स्पॉटिंग स्कोप मी आणतो. एकाच थव्यावर तासभर थांबायचं, कोण खातंय, कोण राखण करतंय, कोण कुणाला हाकलतंय ते वहीत लिहायचं. उशीर करू नको, नऊनंतर तिथं म्हशी येतात.

तुझा,
काका