शपथ, सातबारा आणि अमेरिकेचे दार

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांत अमेरिकेत स्थायिक झालेल्या, किंवा होऊ पाहणाऱ्या, मुलाबाळांविषयीची पत्रे सर्वाधिक आहेत. त्यांतले पाच प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे वगळली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षे न्यू जर्सीत नोकरी करतो आणि तेथे नियमाने कर भरतो. तरीही नागरिकत्वासाठी त्याला आता अर्ज, मुलाखत आणि परीक्षा असे सगळे करावे लागणार आहे. इतक्या वर्षांच्या वास्तव्याला काहीच किंमत नाही का? (निवृत्त शिक्षक, कराड)

वास्तव्याला किंमत आहे, पण ती मोजायला सुरुवात कधी होते, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. आपला मुलगा ‘एच-१बी’ या नोकरीसाठीच्या तात्पुरत्या व्हिसावर जितकी वर्षे राहिला, ती नागरिकत्वाच्या हिशेबात धरली जात नाहीत. घड्याळ सुरू होते ते ग्रीन कार्ड, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, हातात पडल्या दिवसापासून. त्यानंतर पाच वर्षे जावी लागतात. अमेरिकन नागरिकाशी विवाह होऊन त्या जोडीदारासोबत संसार चालू असेल, तर तीन वर्षे पुरतात. या पाच वर्षांपैकी निदान तीस महिने प्रत्यक्ष अमेरिकेच्या भूमीवर काढलेले असले पाहिजेत, आणि एखादी परदेशवारी सहा महिन्यांच्या पुढे लांबली, तर वास्तव्यात खंड पडला नाही हे सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर येतो. ‘एन-४००’ नावाच्या अर्जात मागील पाच वर्षांतली प्रत्येक परदेशवारी तारखांसह लिहावी लागते. बहिणीच्या लग्नाला, गणपतीला किंवा वडिलांच्या शस्त्रक्रियेला म्हणून केलेल्या सगळ्या फेऱ्या त्यात येतात. मुलाला जुने पासपोर्ट जपून ठेवायला सांगावे.

परीक्षेची धास्ती मात्र बाळगू नये. ती तोंडी असते आणि प्रश्नसंच आधीच सर्वांसाठी खुला असतो. २० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल झालेल्या अर्जांसाठी हा संच १२८ प्रश्नांचा आहे. त्यांतले जास्तीत जास्त वीस विचारतात आणि बारा बरोबर यावे लागतात. संविधानात आजवर किती दुरुस्त्या झाल्या (सत्तावीस), सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश किती (नऊ) अशा धाटणीचे ते प्रश्न असतात. त्याशिवाय इंग्रजीतली तीन वाक्ये समोर ठेवून त्यांपैकी एक नीट वाचता येते का आणि तीनपैकी एक नीट लिहिता येते का, एवढे पाहतात. अर्ज नाकारले जातात ते बहुधा कराच्या विवरणपत्रांतील गोंधळामुळे, लपवलेल्या एखाद्या गुन्ह्यामुळे किंवा न जुळणाऱ्या तारखांमुळे. चाळीस वर्षे शिक्षकी केलेल्या आपल्यासारख्यांच्या मुलाला सत्तावीस आणि नऊ पाठ होणार नाहीत, असे मला वाटत नाही.

शेवटचा टप्पा शपथेचा. मुलाखत उत्तम झाली तरी शपथ घेईपर्यंत माणूस नागरिक होत नाही.

प्रश्न : मुलाने तिकडची शपथ घेतली की त्याचे नाव आमच्या सातबाऱ्यावरून कमी होईल का? गावातले लोक वेगवेगळे सांगतात. आमची बागायत साडेतीन एकर आहे. (शेतकरी, ता. खटाव, जि. सातारा)

गावातले लोक वेगवेगळे सांगतात, कारण यात तीन निरनिराळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत.

नागरिकत्व अधिनियम, १९५५ याच्या कलम ९ प्रमाणे जो भारतीय स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतो, त्याचे भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपते. अमेरिकेच्या शपथेत परक्या सत्तेवरील निष्ठेचा त्याग करण्याचे शब्द आहेत, परंतु व्यवहारात अमेरिका दुसरे नागरिकत्व टिकवण्यास आडकाठी करीत नाही. येथे दार बंद करतो तो आपला कायदा. भारतीय पासपोर्ट त्यानंतर जमा करावा लागतो आणि तो वापरत राहणे हा गुन्हा ठरतो. त्याच्या जागी ओसीआय कार्ड मिळते. हे कार्ड म्हणजे आजन्म चालणारा व्हिसा आणि त्यासोबतच्या काही आर्थिक व शैक्षणिक सवलती. मतदानाचा हक्क त्यात नाही. पुष्कळ लोक त्याला ‘दुहेरी नागरिकत्व’ म्हणतात, ते चूक आहे.

आता जमिनीचे. ओसीआय कार्डधारकाला भारतात घर किंवा दुकानाचा गाळा विकत घेता येतो; शेतजमीन, मळे आणि फार्महाउस मात्र विकत घेता येत नाहीत. आपण हयातीत बक्षीसपत्र करून मुलाला जमीन देऊ म्हणाल, तर शेतजमिनीच्या बाबतीत तेही चालत नाही. वारसाहक्काने आलेली शेतजमीन मात्र तो ठेवू शकतो. आपल्या पश्चात वारसनोंदीचा फेरफार होऊन त्याचे नाव लागेल, आणि पुढे कधी विकायची झाली तर ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागेल. म्हणून शपथ घेतल्यामुळे नाव कमी होत नाही. बक्षीसपत्राचा विचार कोणी आपल्या डोक्यात भरवला असेल, तर तो सोडावा आणि मृत्युपत्राविषयी जाणत्या वकिलाशी बोलावे.

प्रश्न : इतिहासाच्या प्रकल्पासाठी वाचताना मला कळले की पूर्वी भारतीयांना अमेरिकेचे नागरिक होता येत नसे. ‘स्थलांतरितांचा देश’ म्हणवणाऱ्या देशात असे कसे होते? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नाशिक)

तुमच्या प्रश्नासाठी मी जागा जास्त घेणार आहे.

अमेरिकेचा नागरिकत्वाचा पहिला कायदा १७९० चा. त्याप्रमाणे नागरिक होण्याची मुभा फक्त ‘मुक्त गोऱ्या व्यक्तीं’ना होती. यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये, आफ्रिकी वंशाच्या लोकांना ती मिळाली. राहिले आशियाई. चिनी मजुरांना तर १८८२ च्या कायद्याने देशात येण्याचीच बंदी झाली. त्यामुळे न्यायालयांपुढे एक विलक्षण प्रश्न वारंवार येऊ लागला, तो म्हणजे ‘गोरा’ कोणाला म्हणावे?

या वादात मुंबईचा एक माणूस सुरुवातीलाच भेटतो. भिकाजी बलसारा हे मुंबईहून न्यूयॉर्कला गेलेले कापसाचे पारशी व्यापारी. पारशी हे मूळचे इराणी, म्हणून गोरे, असे मानून न्यायालयाने १९१० मध्ये त्यांचे नागरिकत्व कायम केले. अमेरिकेचे नागरिक झालेले पहिले भारतीय म्हणून त्यांचेच नाव सांगितले जाते. मुंबईतून त्याच बोटीने गेलेल्या एखाद्या कोळ्याचा किंवा ब्राह्मणाचा अर्ज त्या निकषावर टिकला असता की नाही, याचे उत्तर या निकालात नव्हते.

ते उत्तर १९२३ मध्ये आले. त्याच्या तीनच महिने आधी, नोव्हेंबर १९२२ मध्ये, ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला होता. त्यांची कातडी कितीही उजळ असली तरी ते ‘कॉकेशियन’, म्हणजे वंशशास्त्राने गोरा मानलेल्या, वंशाचे नाहीत, असे कारण दिले गेले. हे पाहून भगतसिंग थिंद यांच्या बाजूला हुरूप आला असणार. थिंद पंजाबचे, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात सेवा केलेले, आणि त्या काळच्या वंशशास्त्राच्या पुस्तकांप्रमाणे उत्तर भारतीय हे कॉकेशियनच होते. न्यायमूर्ती जॉर्ज सदरलंड यांनी दोन्ही निकाल लिहिले. दुसऱ्या निकालात त्यांनी शास्त्र बाजूला सारले आणि सांगितले की ‘गोरा’ या शब्दाचा अर्थ सर्वसामान्य माणूस जो घेतो तोच खरा. थिंद यांचे नागरिकत्व गेले. सदरलंड स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेले, लहानपणी आईवडिलांबरोबर अमेरिकेत आलेले होते, हे येथे नोंदवल्यावाचून राहवत नाही.

निकालाचा फटका एका माणसावर थांबला नाही. ज्या भारतीयांना आधीच नागरिकत्व मिळालेले होते, त्यांचे ते काढून घेण्याची कारवाई सुरू झाली. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बगई हे त्यांपैकी एक. देश सोडून कुटुंबासह आलेल्या या माणसाला पुन्हा ब्रिटिश प्रजाजन म्हणून पासपोर्ट मागायला सांगण्यात आले. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. कॅलिफोर्नियात नागरिकत्वाला अपात्र असलेल्यांना शेतजमीन घेण्यास १९१३ पासून कायद्याने बंदी होती, ती आता पंजाबी शेतकऱ्यांनाही लागू झाली. इम्पीरियल खोऱ्यातल्या अनेक शेतकऱ्यांनी मेक्सिकन स्त्रियांशी लग्ने केली होती. त्यांची मुले अमेरिकेत जन्मली, म्हणून जन्मानेच नागरिक होती, आणि बापाला जी जमीन स्वतःच्या नावावर घेता येत नव्हती ती तो रांगत्या मुलाच्या नावावर घेऊ लागला. खटावच्या पत्रलेखकांनी हा भाग जरूर वाचावा.

नागरिकत्वावरची ही बंदी उठली ती जुलै १९४६ मध्ये. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सही केलेल्या ल्यूस-सेलर कायद्याने भारतीयांना नागरिक होण्याचा हक्क मिळाला, पण देशात येण्यासाठी कोटा ठरला तो वर्षाला अवघा शंभर माणसांचा. तरी त्या फटीतून काय घडले पाहा. कॅलिफोर्नियातले शेतकरी दलीपसिंग सौंद १९४९ मध्ये नागरिक झाले. प्रतिनिधिगृहाच्या सदस्याला सात वर्षांचे नागरिकत्व लागते. ती अट पूर्ण होते न होते तोच, १९५६ च्या निवडणुकीत, ते निवडून आले.

थिंद यांना शेवटी १९३६ मध्ये नागरिकत्व मिळाले. महायुद्धात लढलेल्या सैनिकांसाठी आदल्या वर्षी झालेल्या खास कायद्याचा त्यांना आधार मिळाला. आणि ज्यांची ती भूमी मुळात होती त्या आदिवासींना सरसकट नागरिकत्व मिळाले ते १९२४ मध्ये. तुमच्या प्रकल्पात ही तारीख असावी.

प्रश्न : आमच्या सोसायटीतल्या जवळजवळ प्रत्येक घरातले कोणी ना कोणी अमेरिकेत आहे. वर्षाला शंभर माणसे घेणाऱ्या देशाने एकदम इतके दार कसे उघडले? आणि मग आता माझ्या भाच्याला ग्रीन कार्डसाठी दहा वर्षांवर थांबावे का लागते? (गृहिणी, डोंबिवली)

दार उघडले ते ३ ऑक्टोबर १९६५ रोजी. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी नव्या कायद्यावर सही केली आणि १९२४ पासून चालत आलेली देशवार कोट्याची पद्धत संपवली. त्या पद्धतीत ब्रिटन, जर्मनी, आयर्लंड यांना जागाच जागा होत्या आणि आशियाला जवळजवळ नाही. हे विधेयक आणणारे इमॅन्युएल सेलर म्हणजे ब्रुकलिनचे तेच प्रतिनिधी, ज्यांनी १९२४ मध्ये नवखे असताना जुन्या कायद्याला विरोध केला होता आणि ज्यांचे नाव १९४६ च्या कायद्यालाही आहे. एक्केचाळीस वर्षे एका विषयाचा पाठपुरावा करणारा लोकप्रतिनिधी कोणत्याही देशात दुर्मिळच.

परंतु सेलर एकटे हे करू शकले नसते. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्याने वंशावर आधारलेला कायदा उघडपणे पाठीशी घालणे अवघड केले होते. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा यांच्या पाठोपाठ हा कायदा आला. आपले आप्त अमेरिकेत गेले ते या लढ्याने उघडलेल्या वाटेने. ही जाणीव आपल्या लोकांच्या संमेलनांत आणि स्मरणिकांत मला फार थोडी दिसते.

नव्या कायद्याने देशाची लोकरचना बदलणार नाही, असे त्याचे समर्थक तेव्हा सांगत होते. नातेवाइकांना प्राधान्य दिले की जे आधीच तेथे आहेत, म्हणजे युरोपीय, त्यांचेच नातेवाईक येतील असा हिशेब होता. तो साफ चुकला. युरोपात सुबत्ता आली होती, तिकडून येणारे कमी झाले. उलट भारतातून कौशल्याच्या प्राधान्याने डॉक्टर आणि इंजिनिअर गेले, पाच वर्षांनी नागरिक झाले आणि त्यांनी भावंडांना बोलावले. १९६५ मध्येच वृद्धांसाठी मेडिकेअर योजना झाली आणि डॉक्टरांची मागणी वाढली, तीही पथ्यावर पडली. शिकागोचे महाराष्ट्र मंडळ १९६९ मध्ये स्थापन झाले आणि उत्तर अमेरिकेतल्या मंडळांचे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये, हा योगायोग नव्हे. देशातल्या परदेशी जन्मलेल्यांचे प्रमाण १९७० मध्ये ४.७ टक्क्यांपर्यंत खाली आले होते, ते आता १४ टक्क्यांच्या घरात आहे. चिकोडीत जन्मलेले आणि बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार १९७९ मध्ये शिकायला गेले, १९८८ मध्ये नागरिक झाले आणि २०२२ मध्ये मिशिगनमधून प्रतिनिधिगृहावर निवडून आले.

आता भाच्याचे. नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे एक लाख चाळीस हजार ग्रीन कार्डे दिली जातात आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यांतला साधारण सात टक्केच वाटा मिळू शकतो. भारत असो की आइसलँड, मर्यादा तीच. दिसायला समान असलेला हा नियम अर्जदारांची गर्दी असलेल्या देशाच्या माथी रांग मारतो. मोजतात तो जन्माचा देश, त्यामुळे भाच्याने मध्येच कॅनडाचे नागरिकत्व घेतले तरी तो भारताच्याच रांगेत राहील. मात्र पत्नीचा जन्म दुसऱ्या देशातला असेल, तर तिच्या देशाच्या रांगेचा लाभ घेता येतो.

प्रश्न : नात तिकडेच २०२१ मध्ये जन्मली. तिचे आईवडील तेव्हा व्हिसावर होते. तिचे नागरिकत्व धोक्यात आहे का? आणि ती आम्हा आजीआजोबांना बोलावू शकेल का? (कोल्हापूर)

धोक्यात नाही. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने अमेरिकेत जन्मलेल्यांना नागरिकत्व दिले आणि १८९८ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईवडिलांच्या पोटी जन्मलेल्या वाँग किम आर्क यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी तात्पुरत्या व्हिसावरील पालकांच्या मुलांना हा हक्क नाकारणारा आदेश काढला. न्यायालयांनी तो अडवला आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पण मुळात तो आदेश त्यानंतर जन्मणाऱ्या मुलांपुरताच होता.

नातीला आजीआजोबांसाठी अर्ज करता येत नाही. नागरिक झालेल्या आणि एकवीस वर्षे पूर्ण केलेल्या मुलाला किंवा मुलीला आपल्या आईवडिलांसाठी तो करता येतो, आणि आईवडिलांना संख्येची मर्यादा नसल्याने रांगही नाही. तथापि ग्रीन कार्ड घेतले की अमेरिका हेच आपले घर मानले जाते. वर्षातले आठ-दहा महिने कोल्हापुरात काढून कार्ड टिकवू म्हटले, तर विमानतळावरच प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. तेव्हा आपला बेत फक्त नातीच्या सुट्टीपुरता जाण्याचा असेल, तर भेटीचा व्हिसाच बरा. त्यावर एका वेळी बहुधा सहा महिने राहता येते.