मराठीतला एक ‘आपला’, इंग्रजीतले सात

या वेळच्या बहुतेक पत्रांचं दुखणं एकच आहे. प्रिपोझिशन पाठ, क्रियापद ठाऊक, नामही सापडतं. पण मध्ये ‘माय’, ‘हिज’, ‘देअर’ घालायचं की नाही, तिथे पेन अडतं.

प्रश्न : शब्दकोशात ‘मेक अप वन्ज माइंड’ (मनाशी ठरवणं) असं दिलं होतं. त्याप्रमाणे मी ‘शी मेड अप वन्ज माइंड’ लिहिलं, तर त्यावर लाल रेघ आली. चूक माझी की कोशाची?

रेघ बरोबर आहे आणि कोशही. तिथलं ‘वन्ज’ म्हणजे रिकामी जागा. कर्ता जो असेल त्याचं रूप तिथे बसवायचं : ‘आय मेड अप माय माइंड’, ‘शी मेड अप हर माइंड’, ‘वी मेड अप अवर माइंड्ज’. मराठीत हे काम एकटा ‘आपला’ करतो. त्याने आपला विचार बदलला, तिने आपला विचार बदलला, त्यांनी आपला विचार बदलला. कर्ता बदलला तरी ‘आपला’ जागचा हलत नाही. इंग्रजीत त्याच जागी माय, अवर, युअर, हिज, हर, इट्स, देअर अशी सात रूपं हजर आहेत आणि दर वेळी त्यातलं नेमकं उचलावं लागतं. ‘वन्ज’ जसंच्या तसं राहतं ते कर्ता ‘वन’ असेल तेव्हाच : ‘वन शुड डू वन्ज बेस्ट’.

कोशात कधी ‘वन्ज’ असतं, तर कधी ‘समवन्ज’. हा फरक बहुतेक जण नजरेआड करतात, पण सगळी मेख तिथेच आहे. ‘वन्ज’ दिसलं की मनात ‘स्वतःचा’ म्हणा, ‘समवन्ज’ दिसलं की ‘दुसऱ्याचा’. ‘लूज वन्ज टेंपर’ म्हणून ‘ही लॉस्ट हिज टेंपर’. तो स्वतःचाच ताबा घालवणार, माझा नाही. याउलट ‘पुल समवन्ज लेग’ म्हणजे चेष्टा करणं. ती दुसऱ्याची होते, म्हणून ‘ही पुल्ड माय लेग’.

ही जागा भरली की नाही यावर अर्थही फिरतो. ‘इट टेक्स टाइम’ म्हणजे वेळ लागतो. ‘टेक युअर टाइम’ म्हणजे घाई नाही, सावकाश होऊ द्या.

अनेकवचनात आणखी एक ठेच लागते. प्रत्येकाचं मन वेगळं, डोकं वेगळं, म्हणून ‘दे चेंज्ड देअर माइंड्ज’, ‘दे शुक देअर हेड्ज’. पण ‘दे लॉस्ट देअर वे’, ‘दे डिड देअर बेस्ट’, ‘दे टुक देअर टाइम’ यांत नाम एकवचनीच राहतं. वे, बेस्ट, टाइम इथे मोजायच्या वस्तू नाहीत.

लिहिताना एक जपा. ‘वन्ज’मध्ये एसच्या आधी ॲपॉस्ट्रॉफी येतो. मालकीच्या ‘इट्स’मध्ये येत नाही. हर्ज, अवर्ज, युअर्ज, देअर्ज यांतही नाही. ‘इट’नंतर ॲपॉस्ट्रॉफी दिला की त्याचा अर्थ ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ होतो.

प्रश्न : ‘माझ्यासमोर’साठी ‘इन माय फ्रंट’ चूक, मग ‘माझ्या वतीने’साठी ‘ऑन माय बिहाफ’ बरोबर कसं?

चुकीचं मूळ मराठीत आहे. आपली शब्दयोगी अव्ययं ‘मी’ला थेट चिकटत नाहीत, ‘माझ्या’ला चिकटतात : माझ्यासमोर, माझ्यासाठी, माझ्यामुळे, माझ्याऐवजी. ‘माझ्या’ ऐकू आलं की हात ‘माय’कडे जातो. पण या ‘माझ्या’त मालकी काही नाही, ते फक्त सामान्यरूप आहे. म्हणून इंग्रजीत इथे ‘मी’ हवं (त्यांचं ‘मी’ म्हणजे आपलं ‘मला’, हा गोंधळ वेगळाच!) : इन फ्रंट ऑफ मी, बिकॉज ऑफ मी, इन्स्टेड ऑफ मी, इन स्पाइट ऑफ मी. या रचनांमध्ये ‘माय’ शिरू शकत नाही.

काही रचनांमधलं नाम मात्र अजून जिवंत नाम आहे, त्याला मालक चालतो. तिथे साधारण नियम असा : पुढे नाम असेल तर ‘ऑफ’, सर्वनाम असेल तर मालकीचं रूप. ‘ऑन बिहाफ ऑफ द कमिटी’, पण ‘ऑन देअर बिहाफ’. ‘फॉर द सेक ऑफ द चिल्ड्रन’, पण ‘फॉर देअर सेक’. ‘इन द ॲब्सेन्स ऑफ द मॅनेजर’, पण ‘इन हर ॲब्सेन्स’. प्रेझेन्स आणि फेव्हर यांचंही तसंच.

‘माझ्या पाठीमागे’ जरा जपून. कुणी तुमच्या मागे उभं असेल तर ‘बिहाइंड मी’. तुम्हाला कळू न देता काही केलं असेल तर ‘बिहाइंड माय बॅक’. रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसाबद्दल दुसरा प्रयोग केलात, तर त्या बिचाऱ्यावर नाहक कारस्थानाचा आरोप येईल.

‘वे’चंही असंच. ‘ऑन माय वे’ म्हणजे मी वाटेत आहे, ‘इन माय वे’ म्हणजे माझ्या वाटेत आडवं. ‘बाय द वे’मध्ये वाट नाही, मालकही नाही, म्हणून ‘बाय माय वे’ कधीच होत नाही.

आणि ‘माझ्या मते’ला ‘अकॉर्डिंग टू मी’ म्हणू नका. ‘अकॉर्डिंग टू’ दुसऱ्याच्या तोंडचं सांगताना वापरतात. आपल्या मतासाठी ‘इन माय ओपिनियन’ किंवा ‘इन माय व्ह्यू’. मात्र ‘पॉइंट ऑफ व्ह्यू’ आलं की प्रिपोझिशन बदलतं : ‘फ्रॉम माय पॉइंट ऑफ व्ह्यू’.

प्रश्न : हात माझेच, मग ‘आय वॉश्ड माय हँड्ज’मध्ये ‘माय’ कशाला? आणि ‘ही टुक मी बाय द हँड’मध्ये ते गेलं कुठे?

मराठीत ‘तिने डोळे मिटले’ म्हटलं की कुणाचे, हे विचारावं लागत नाही. इंग्रजीला तेवढं पुरत नाही. स्वतःच्या अवयवाला क्रियापद थेट लागलं की मालक सांगावाच लागतो : ‘शी क्लोज्ड हर आइज’, ‘ही ब्रोक हिज लेग’. ‘शी क्लोज्ड द आइज’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, बाहुलीचे मिटले असावेत.

दुसऱ्या रचनेत क्रियापदाचं कर्म अवयव नसून माणूस आहे. क्रम असा : क्रियापद, माणूस, प्रिपोझिशन, ‘द’, अवयव. माणूस आधीच सांगून झाला, म्हणून मालकी पुन्हा सांगत नाहीत. प्रिपोझिशन कृतीवरून ठरतं. धरलं तर ‘बाय’ : ‘टुक मी बाय द हँड’, ‘ग्रॅब्ड हिम बाय द कॉलर’. वरून थोपटलं, बोटाने टकटक केलं, मारलं तर ‘ऑन’ : ‘पॅटेड हर ऑन द बॅक’, ‘टॅप्ड मी ऑन द शोल्डर’, ‘हिट हिम ऑन द हेड’. मऊ किंवा आत दबणाऱ्या जागी ‘इन’ : ‘किक्ड हिम इन द स्टमक’, ‘हिट हिम इन द फेस’. ‘लुक मी इन द आय’ याच साच्यातलं.

‘ही टुक माय हँड’ही बरोबर आहे. तिथे लक्ष हातावर जातं. ‘टुक मी बाय द हँड’ म्हटलं की हात धरून कुणाला तरी नेल्यासारखं वाटतं.

प्रश्न : ‘ए फोटो ऑफ मी’ की ‘ए फोटो ऑफ माइन’?

फोटोत तुम्ही दिसत असाल तर ‘मी’, फोटो तुमच्या मालकीचा असेल तर ‘माइन’. फोटोत मांजर असलं तरी ‘ए फोटो ऑफ माइन’ चालेल. मित्राच्या बाबतीत ही निवड नाही : ‘ए फ्रेंड ऑफ माइन’. ‘ए माय फ्रेंड’ तर अजिबातच नाही, कारण ‘ए’, ‘द’ आणि ‘माय’ एकाच खुर्चीवर बसतात.

प्रश्न : ‘ही टेक्स केअर ऑफ हिज मदर व्हेरी मच’ का खटकतं?

कारण जोर वाक्याच्या शेपटीला बांधलाय. या साच्यात तो नामाच्या आधी घालतात : ‘टेक्स गुड केअर ऑफ’. तसंच ‘पे क्लोज अटेन्शन टू’, ‘मेक गुड यूज ऑफ’, ‘टेक फुल ॲडव्हान्टेज ऑफ’. विशेषण मनाने बदलू नका. ‘बिग अटेन्शन’ कुणी म्हणत नाही. ‘गेट रिड ऑफ’मध्ये तर काहीच शिरत नाही, तो घट्ट मिटलेला डबा आहे.