सेकंडहँड निकॉन डी७५००: लग्नं, चित्ररथ आणि पक्षी, तिन्हीला चालेल का?

तुम्ही खानापूरहून विचारलंय: १८-१४० एमएम झूम लेन्ससकट जुना डी७५०० कॅमेरा मिळतोय, त्यावर लग्नाच्या ऑर्डरी, बेळगावच्या शिवजयंतीचे चित्ररथ आणि भीमगड अभयारण्याकडचे पक्षी, तिन्ही निभेल का? पक्षी आणि चित्ररथांसाठी डोळे झाकून घ्या. लग्नाला मात्र हा एकटाच घेऊन उतरू नका. मी शहापुरात राहतो, हाच कॅमेरा वापरतो, म्हणून सांगतोय.

लग्नाला का नको, तर याला कार्डाचा खण एकच आहे. आधीच्या डी७२०० ला दोन होते, २०१७ मध्ये हा काढताना निकॉननं एक कापला. दोन खण असले की प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर ठेवता येतो. इथं कार्ड बिघडलं की अक्षता, सप्तपदी सगळंच गेलं. पार्टी काय पुन्हा मांडवात उभी राहणार आहे? त्यामुळं जोडीला दुसरी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) हवीच, जुना डी७२०० सुद्धा चालेल. बाकी कार्यालयातल्या ट्यूबलाइटखाली सलग फोटो काढताना एक उजळ, एक पिवळट येतो ना, त्यावर यात इलाज आहे: मेनूत फ्लिकर रिडक्शन (दिव्याच्या लुकलुकीला आवर घालणारी सोय) चालू करा. वेग थोडा उतरतो, पण आल्बम करताना रंग जुळवत बसावं लागत नाही.

व्हिडिओची ऑर्डर तर यावर घेऊच नका. ४के, म्हणजे फुल एचडीपेक्षा बारीक तपशिलाचा व्हिडिओ, लावला की सेन्सरचा (चित्र टिपणाऱ्या पट्टीचा) मधला भागच वापरला जातो आणि चौकट दीडपट आवळते. १८ वर लावलेली लेन्स २७ सारखी दाखवते. खेड्यातल्या घरात हळदीला पाठ भिंतीला टेकली तरी सगळी माणसं मावत नाहीत. फुल एचडीत हा त्रास नाही. पण स्क्रीनवर बघून शूट करताना फोकस पुढं-मागं धापा टाकतो, तो दोन्हीकडं. व्हिडिओच महत्त्वाचा असेल तर याच दर्जाचा कॅनन ८०डी बघा, त्याचा लाइव्ह व्ह्यूतला, म्हणजे स्क्रीनवर बघून शूट करतानाचा, फोकस कितीतरी शांत आहे.

आता जमेची बाजू, आणि ती मोठी आहे. सेन्सर, प्रोसेसर आणि उजेड मोजायची यंत्रणा ही निकॉनच्याच वरच्या दर्जाच्या डी५०० मधली आहे. मेगापिक्सेल २०.९, म्हणजे डी७२०० च्या २४.२ पेक्षा कमी, पण त्यावरून दुकानदाराशी वाद घालू नका, छापल्यावर फरक कळत नाही. चित्ररथांवरचे जिवंत देखावे आठवा. मावळ्याच्या तोंडावर हॅलोजन आणि मागं रस्ता मिट्ट काळोखात. नेहमीच्या मोजणीत कॅमेरा काळोखाकडं बघतो आणि पोराचं तोंड पांढरंफटक होतं. यात हायलाइट-वेटेड मीटरिंग, म्हणजे सगळ्यात उजळ भाग धरून उजेड मोजणं, आहे, ते लावा आणि रॉमध्ये (जेपीजी न करता सगळी माहिती ठेवणाऱ्या फाईलमध्ये) काढा. फोटो पाठीमागच्या स्क्रीनवर अंधारा वाटेल, घाबरू नका. चेहरा शाबूत राहतो आणि सावल्या नंतर कॉम्प्युटरवर वर काढता येतात. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ६४०० पर्यंत मी बिनधास्त जातो. जाहिरातीतला १६,४०,००० हा आकडा विसरा, तिथं फोटोवर रांगोळी सांडल्यासारखं दिसतं.

रात्रीला ही सोबत मिळणारी १८-१४० लेन्स कमी पडते, १४० वर ती एफ/५.६ च्या पुढं उघडत नाही (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त). जुनी ५० एमएम एफ/१.८ डी लेन्स घ्या, तिला स्वतःची मोटर नसते. फोकसची मोटर बॉडीतच असल्यामुळं ती इथं आपोआप फोकस करते. पुढंमागं निकॉनच्या मिररलेसकडं (आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडं) जायचा विचार असेल तर मात्र मोटर असलेली १.८जी घ्या, कारण त्यांना जुन्या लेन्स जोडायच्या एफटीझेड अडॅप्टरवर डी लेन्स हातानंच फिरवावी लागते. आणि घरात वडिलांच्या काळची एखादी मॅन्युअल निकॉन लेन्स असेल तर डी७२०० तिच्यावर उजेड मोजायचा, हा मोजत नाही.

पक्ष्यांना सेकंदाला ८ फ्रेम आणि ५१ फोकस पॉइंट भरपूर झाले. धनेश उडताना एकच पॉइंट त्याच्यावर टिकवणं कठीण जातं, म्हणून एएफ-सी (हलत्या वस्तूवर सतत फोकस) आणि ग्रुप-एरिया (एकदम अनेक पॉइंट) लावा. १४० मध्ये धनेश ठिपक्याएवढा येईल. एएफ-पी ७०-३०० लेन्सपासून सुरुवात करा, २००-५०० उत्तम, पण दोन किलोच्या वर वजन आहे, मान सांभाळा. बॉडीला पावसाविरुद्ध सील आहेत खरे, पण कणकुंबीचा जुलै ही काही पावसाची भुरभुर नव्हे, प्लास्टिकची पिशवी लागणारच.

घेण्याआधी मालकासमोर एक जेपीजी काढून घ्या. फाईलच्या माहितीत शटर किती वेळा पडलंय तो आकडा मिळतो. कंपनीची चाचणी शटर दीड लाख वेळा पाडून केलेली आहे. हा आकडा लाखाच्या पुढं गेला असेल तर भाव पाडून मागा, लाजायचं काय त्यात.