जेरोनिमोनंतर अपाचे लोकांचं काय झालं?

तुम्ही विचारलंय की १८८६ मध्ये अपाचे लढवय्या जेरोनिमो अमेरिकी सैन्याला शरण आला तेव्हा अपाचे ही अमेरिकेतली आदिवासी जमात संपलीच ना, आणि ते लोक सिनेमात दाखवतात तेवढे क्रूर होते का. मी अ‍ॅरिझोनात फिनिक्सजवळ बरीच वर्षं राहिलेय, ऑफिसमधली एक मैत्रीण सॅन कार्लोस रिझर्वेशनवरची (रिझर्वेशन म्हणजे आदिवासींसाठी राखून ठेवलेली जमीन), तिच्यामुळे तिच्या घरी जाणंयेणं झालं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

संपले वगैरे अजिबात नाहीत. आपल्याकडे अपाचे म्हटलं की बाईक नाहीतर हेलिकॉप्टर आठवतं, पण मुळात हा शब्दच त्यांचा नाही, बहुधा शेजारच्या झुनी आदिवासींच्या 'शत्रू' अशा अर्थाच्या शब्दावरून स्पॅनिश लोकांनी उचललेला आहे. ते स्वतःला 'न्दे' म्हणतात, म्हणजे माणसं. आणि एकच एक जमात असंही नाही, चिरिकाहुआ, मेस्कलेरो, हिकारिया, लिपान, शिवाय अ‍ॅरिझोनातले व्हाइट माउंटन, सॅन कार्लोस, टोंटो हे पश्चिमी अपाचे. प्रत्येकाच्या चालीरीती थोड्या वेगळ्या. भाषा शेजारच्या नावाहो आदिवासींच्या भाषेची सख्खी बहीण, आणि त्याच कुळातल्या भाषा पार कॅनडा-अलास्कात बोलतात. मेस्कलेरो हे नाव मेस्कलवरून, म्हणजे आपल्याकडे बांधावर लावतात त्या घायपाताच्याच जातीतलं झाड, त्याचा गड्डा जमिनीत खड्डा करून तापलेल्या दगडांवर दोन-चार दिवस भाजून खायचे, आणि वाळलेल्या दांड्याची घोड्याच्या केसांची तार लावून छोटी सारंगी करायचे. ती अजूनही करतात.

आता क्रूरपणाचं. धाडी घालायचे हे खरं आहे, गुरं-घोडे पळवायचे, माणसंही मारली, लपवण्यासारखं काही नाही. पण समोरून काय चाललं होतं ते कोणी सांगत नाही. मेक्सिकोतल्या चिवावा राज्याने १८३७ मध्ये अपाचे डोक्याच्या कातडीला सरळ भावच लावला होता, पुरुषाचे १०० पेसो, बाईचे ५०, पोराचे २५. पोराचे! जेरोनिमोची आई, बायको आणि तीन मुलं मेक्सिकन सैनिकांनी मारली, तो तेव्हा जेमतेम विशीतला होता. (त्याचं खरं नाव गोयाक्ला, म्हणजे जांभई देणारा, आणि तो मुखियाही नव्हता, मंत्रविद्येचा जाणकार होता.) आणि मला सगळ्यात जास्त लागतं ते कॅम्प ग्रँट या लष्करी ठाण्याजवळचं हत्याकांड. ३० एप्रिल १८७१, अरावाइपा ओढ्याकाठी एस्किमिन्झिन या अपाचे मुखियाची माणसं सैन्याच्या भरवशावर शांतपणे वस्ती करून राहिली होती, पुरुष बहुतेक शिकारीला गेलेले, आणि टूसॉन शहरातून आलेल्या गोऱ्या, मेक्सिकन आणि ओओधम (हेही तिथलेच आदिवासी) लोकांच्या टोळीने पहाटे शंभराहून जास्त जणांना मारलं, त्यात जवळजवळ सगळ्या बायका आणि मुलं. वर पंचवीस-तीस मुलं पळवून नेली ती वेगळीच. खटला झाला, ज्यूरीला सगळ्यांना निर्दोष ठरवायला १९ मिनिटं लागली.

जेरोनिमो शरण आला तेव्हा त्याच्याबरोबर बायकापोरं धरून चाळीसच्या आत माणसं उरली होती आणि मागे पाच हजार सैनिक. पण पुढचं कमी लोकांना माहिती असतं. फक्त त्यालाच नाही, सगळ्या चिरिकाहुआंना रेल्वेत कोंबून फ्लोरिडाला पाठवलं, रिझर्वेशनवर गपगुमान शेती करणाऱ्यांनाही, आणि ज्या अपाचे वाटाड्यांनी सैन्याची चाकरी करून जेरोनिमोला शोधून दिलं त्यांनाही! फ्लोरिडा, मग अलाबामा, मग ओक्लाहोमातलं फोर्ट सिल, असे २७ वर्षं युद्धकैदी. मुलांना पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल या आदिवासी मुलांच्या निवासी शाळेत नेऊन केस कापले, भाषा बंद केली, क्षयाने कितीतरी गेली. जेरोनिमो १९०९ ला फोर्ट सिललाच गेला, गावी परत जाऊ दिलंच नाही. १९१३ ला सुटका झाल्यावर बहुतेक जण न्यू मेक्सिकोत मेस्कलेरोंकडे गेले, काही ओक्लाहोमातच राहिले.

एवढं होऊनही टिकलं कसं, तर माझं मत विचाराल तर मुलींच्या सोहळ्यामुळे. मुलगी वयात आली की चार दिवसांचा सनराइज सोहळा करतात, आणि सरकारने असले कार्यक्रम बंद पाडले तेव्हा मेस्कलेरो लोकांनी तो ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीत करायला सुरुवात केली कारण त्या दिवशी जमायला परवानगी असायची, आजही तिथे तो त्याच सुमाराला असतो. मी मैत्रिणीच्या भाचीचा बघितलाय. सूर्य उगवायच्या आधीपासून ती पोर पूर्वेला तोंड करून हरणाच्या कातड्यावर नाचत होती, तासन् तास, हातात घुंगरं लावलेली काठी, कपाळावर शिंपल्याची चकती, ती पहिल्या उन्हाने चमकायला लागली तशी सगळी गर्दी एकदम गप्प झाली. त्या दिवसांत ती म्हणजे साक्षात त्यांची आदिमाता, म्हणून पाणीसुद्धा ओठाला लावायचं नाही, बोरूच्या नळीने प्यायचं. मग लोक रांग लावून तिच्या डोक्या-खांद्यावर पिवळेधमक परागकण लावतात, आपल्या हळदीसारखेच दिसतात लांबून, आणि नंतर तीच सगळ्यांना आशीर्वाद देते, म्हातारी आजारी माणसंसुद्धा तिच्यापुढे येऊन उभी राहतात. मधेच एक टोपली तिच्या डोक्यावर उपडी केली, गोळ्या, मका, नाणी, आणि पोरं तुटून पडली, मला तर डोळ्यासमोर आमच्या घरचं बोरन्हाण आलं आणि रडूच आलं. घरच्यांचा खर्च प्रचंड होतो, वर्षभर आधीपासून तयारी, धर्ममाता ठरवायची, दोन्हीकडचे नातेवाईक राबतात. फोटो काढायचे नाहीत, हे मात्र लक्षात ठेवा, तसं सांगितलेलं असतं.

दुसरं म्हणजे जागा. अ‍ॅरिझोनातल्या सिबेक्यू गावाकडच्या अपाचेंची जागांची नावं म्हणजे अख्खी वाक्यं असतात, पाणी कुठल्या दगडांवरून कसं वाहतं ते सांगणारी, आणि प्रत्येक जागेची एक गोष्ट. कोणी वावगं वागलं तर त्याला तोंडावर बोलत नाहीत, चारचौघांत त्या जागेची गोष्ट सांगतात, ज्याला कळायचं त्याला कळतं, आणि मग तो डोंगर रोज दिसला की आठवतं. म्हणून जागा गेली की नुसती जमीन जात नाही.

आणि हेच ओक फ्लॅटला चाललंय. सुपिरियर गावाजवळचं पठार, मुलींचे सोहळे तिथे होतात. १९५५ मध्ये आयझेनहॉवर सरकारने तिथे खाणकामाला बंदी घातली होती, पण डिसेंबर २०१४ मध्ये संरक्षण खात्याच्या विधेयकात एक कलम घुसवून ती जमीन रिओ टिंटो आणि बीएचपी या बड्या खाण कंपन्यांच्या रिझोल्यूशन कॉपर कंपनीला द्यायचं ठरलं. खालून तांबं काढलं की वर जवळपास तीन किलोमीटर रुंद आणि हजार फूट खोल खड्डा पडणार. अपाचे स्ट्राँगहोल्ड म्हणून संघटना आहे, सॅन कार्लोसचे माजी चेअरमन वेन्डस्लर नोसी तिथे मुक्कामच ठोकून बसले, धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर कोर्टात गेले, मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सुनावणीला घ्यायलाच नकार दिला, न्यायमूर्ती गोर्सच यांनी मात्र त्याविरुद्ध मत लिहिलं.

मैत्रिणीच्या मावशीने एकदा ओकच्या बियांचं कालवण वाढलं होतं, त्या बिया उन्हाळ्यात वेचायच्या, वाळवायच्या, फोडून दळायच्या आणि गोमांसाच्या रश्श्यात शेवटी पीठ ढवळायचं, मी मांस बाजूला ठेवलं तर तिने न बोलता माझ्यासाठी वेगळ्या वाटीत नुसतं पीठ भाकरीबरोबर दिलं, थोडं कडवट, दाण्याच्या कुटासारखं. कुठल्या झाडाचं म्हणून विचारलं तर म्हणाली ओक फ्लॅटचं, माझ्या आजीचं झाड आहे.