एका मशीनवर एमपीआय मस्त चालतं, दुसरं मशीन जोडलं की अडकून बसतं. काय तपासू?

भाऊ, तुझा प्रश्न थोडक्यात असा, की लॅबमधल्या चार जुन्या पीसींवर उबुंटू आणि ओपन एमपीआय (एकाच प्रोग्रामच्या प्रोसेस अनेक मशीनवर चालवून त्यांना मेसेजनं बोलू देणारं सॉफ्टवेअर) टाकून क्लस्टर, म्हणजे जोडलेल्या मशीनचा गट, केला, प्लेटवर उष्णता कशी पसरते त्याचा प्रोग्राम एका मशीनवर चार प्रोसेस लावून छान चालतो, पण होस्टफाइलमध्ये, म्हणजे मशीनच्या यादीत, दुसरं मशीन टाकलं की ना एरर ना आउटपुट, नुसता अडकून बसतो, आणि नशिबानं चाललाच तर एका मशीनपेक्षाही हळू. सर म्हणतात कोड चुकला, मित्र म्हणतात जुन्या डब्ब्यांवर हे होतच नाही.

मित्रांचं आधी सांगतो. १९९४ मध्ये नासाच्या गोडार्ड सेंटरमध्ये थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी ४८६ जातीचे १६ प्रोसेसर साध्या इथरनेटनं जोडून बेओवुल्फ नावाचा क्लस्टर उभा केला होता, तुझा एक पीसी त्या सगळ्यांच्या बेरजेपेक्षा दमदार आहे. आणि १९९१ चा परम ८००० सुपरकॉम्प्युटर ज्यांच्या नेतृत्वाखाली झाला ते विजय भटकर आपल्याच मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे, तेव्हा डब्ब्यांना नावं ठेवू नका म्हणावं.

मी यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी कॉलेजची लॅब सांभाळतो, आठ पीसींचा असाच जुगाड आहे, म्हणून हे सगळं भोगून झालंय. (कमांड मोबाइलवरून देवनागरीत टाइप करतोय, समजून घे.)

सरांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. प्रत्येक प्रोसेसकडे प्लेटचा एक तुकडा असतो, शेजाऱ्याशी कडेच्या ओळी बदलताना दोन्ही प्रोसेसनी आधी सेंड आणि मग रिसीव्ह लिहिलं असेल तर दोघंही 'आधी तू घे' करत बसतात. पण मेसेज छोटा असला तर ओपन एमपीआय समोरच्याची वाट न पाहता पाठवून मोकळा होतो, मोठा असला तरच थांबतो, आणि ही छोट्या-मोठ्याची सीमा टीसीपीवर, म्हणजे नेटवर्कवरून, ६४ केबी तर एकाच मशीनच्या आत शेअर्ड मेमरीवर साधारण ४ केबी असते, सेटिंग बदललं नसेल तर. म्हणजे असा गुंता आधी एका मशीनवरच दिसायला पाहिजे! प्लेटवरच्या बिंदूंची १००० बाय १००० ची जाळी एका मशीनवर लावून पाहा, एक ओळ ८ केबीची होते. चाललं तर सेंड-सेंडचा घोळ जवळजवळ नक्कीच नाही, सरांना हळूच सांग. नाही चाललं तर सर बरोबर, दोन्ही एकदम करणारं सेंडरिसीव्ह वापर आणि विषय संपव.

आता कोड बंद कर. दोनच मशीन घे, चारही एकदम नको, आणि तीन पायऱ्या चढ. पहिली, एमपीआयरननं दोन्हीवर नुसती होस्टनेम कमांड चालव. ही एमपीआयची नाहीच, म्हणून यातून फक्त इतकंच कळते की तिकडे प्रोसेस सुरू होते का. इथेच अडकलं तर एसएसएच (दुसऱ्या मशीनवर लॉगिन करून देणारं) पासवर्ड मागतोय, किंवा 'ऑर्टेड (ओपन एमपीआयचा तिकडचा मदतनीस प्रोग्राम) सापडत नाही' अशी एरर आली तर पाथचं, म्हणजे प्रोग्राम कुठे शोधायचा त्या यादीचं, लफडं आहे, कारण उबुंटूच्या बॅशआरसी फाइलमध्ये वरच एक अट असते की कोणी समोर बसून टाइप करत नसेल तर इथूनच परत फिर, आणि आपण पाथ टाकतो सगळ्यात खाली, तिथपर्यंत तो पोचतच नाही. पाथची ओळ त्या अटीच्या वर ने. दुसरी पायरी साधा हॅलो वर्ल्ड. चारही प्रोसेस 'मी ० नंबरचा, एकूण १' असंच म्हणत असतील तर कंपाइल एमपिचनं (एमपीआयचं दुसरं पॅकेज) आणि रन ओपन एमपीआयनं होतंय, एक काढून टाक.

तिसरी पायरी रिंग, म्हणजे एक आकडा ० कडून १ कडे, १ कडून परत ० कडे. माझा अंदाज, तुझं घोडं इथे अडलंय. हॅलोमध्ये कोणी कोणाशी बोलतच नाही ना, म्हणून ते चालते, पहिला खरा मेसेज निघाला की गप्प.

आमच्याकडे पोरांनी दुसऱ्या विषयाच्या प्रॅक्टिकलसाठी सगळ्या मशीनवर डॉकर टाकलं होतं. डॉकर प्रत्येक मशीनवर स्वतःचं एक खोटं नेटवर्क कार्ड बनवते आणि त्याचा पत्ता सगळीकडे एकच, १७२.१७.०.१. ओपन एमपीआयला वाटते दोघंही याच नेटवर्कवर आहेत, मग इथूनच बोलू. चिठ्ठीवर नुसतं 'आईस' लिहून धाडल्यासारखं झालं, प्रत्येक घरात आई आहेच, चिठ्ठी आपल्याच घरी परत. व्हर्च्युअल मशीनवालं काही टाकलं असेल तर तेही असंच करते, १९२.१६८.१२२.१ दिसते. आयपी ए कमांड दे आणि दोन्ही मशीनवर सारखा पत्ता कोणता ते पाहा (१२७ वाला सोड, तो सगळीकडेच असतो). उपाय एका ओळीचा, एमपीआयरनला एमसीए पर्यायातून बीटीएल टीसीपी इफ इन्क्लूडमध्ये लॅबचं नेटवर्क सांग, आमचं १९२.१६८.१.०/२४ आहे. सोबतच ईटीसीमधल्या होस्ट्स फाइलमध्ये मशीनचं नाव १२७.०.१.१ ला बांधलं असेल तर तिथे खरा आयपी टाक. आणि यूएफडब्ल्यू (उबुंटूची फायरवॉल) चालू असेल तर लॅबच्या नेटवर्कला पूर्ण मोकळीक दे, एकच पोर्ट उघडून भागत नाही, एमपीआय कोणताही पोर्ट पकडते.

राहिला हळूपणा. तुझी जाळी २०० बाय २०० ची असेल तर हळूच चालणार, चार प्रोसेसमध्ये प्रत्येकाला १०,००० बिंदू, ते दहा-वीस मायक्रोसेकंदात संपतात आणि तितक्यात इथरनेटवर साधा मेसेजही पोचत नाही. ४००० बाय ४००० लाव. मग ईथटूल कमांडनं नेटवर्कचा स्पीड पाहा, १००० ऐवजी १०० दिसला तर केबल. गिगाबिटला आठही तारा लागतात, गावात क्रिम्प करणारे बरेचदा चारच लावून देतात. आयपर्फनं मोजलं तर ९४० च्या जागी ९४ मेगाबिट येतात.

केबल ठीक असूनही हळू असेल तर एखादं मशीन मागे पडतंय. बायका निंदणाला पात धरतात ना, धुऱ्यावर पोचल्या की मागे राहिलेलीची वाट पाहतात, पुढची पात सगळ्यांची सोबतच लागते. एमपीआयचं तसंच. फरक इतकाच की धुऱ्यावर थांबलेली बाई बसलेली दिसते, आणि इथे थांबलेली प्रोसेसही टॉप कमांडमध्ये १०० टक्के सीपीयू दाखवते, कारण ओपन एमपीआय वाट पाहताना सतत 'आला का, आला का' करत असते. मी यात तीन दिवस घालवले, सगळे शंभरवर, मग मागे कोण? शेवटी एमपीआय डब्ल्यूटाइम या वेळ मोजणाऱ्या फंक्शननं प्रत्येक प्रोसेसचा फक्त हिशोबाचा वेळ छापला, मेसेजचा सोडून. सात मशीनचा सारखा, पाचव्याचा जवळपास दुप्पट.

एप्रिल महिना, बाहेर ४४ डिग्री, सेन्सर्स कमांडनं पाचव्याचा प्रोसेसर ९७ दाखवला, म्हणजे जळू नये म्हणून तो स्वतःच स्पीड पाडत होता. ते मशीन खिडकीपाशी आणि खिडकीपलीकडे कापसाची जिनिंग. डब्बा उघडला तर पंख्याखाली हीटसिंक दिसतच नव्हता, दिवाळीपासूनची रुई थापून बसली होती, गोधडीसारखी. लॅबवाले काका चिमट्यानं ओढत म्हणाले, "याच्या त दहा वाती होतीन सर." साफ करून नवी पेस्ट लावली, ६८ वर आला, ४० मिनिटांचं काम २४ वर. फक्त ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेव, हवेनं भन्नाट फिरलं की बेअरिंग जाते, आमचा एक पंखा त्याच दिवशी गेला.